आरव्हीचा लांबचा प्रवास: मुक्कामाच्या जागा आधी राखून ठेवाव्यात की वाटेत शोधाव्यात?

घाटमाथा

येत्या उन्हाळ्यात शाळा सुटल्यावर, जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, शिकागोहून निघून पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्याने पाहायची आणि पुन्हा शिकागोला परतायचे, असा आमचा बेत पक्का झाला आहे. त्यासाठी ३० फुटी क्लास-सी आरव्ही, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि आंघोळीची सोय असलेले चाकांवरचे घर, भाड्याने घेत आहोत. आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि पुण्याहून येणारे माझे सासू-सासरे अशी सहा माणसे गाडीत असतील. जाताना आय-९० महामार्गाने बॅडलँड्स, ब्लॅक हिल्स, यलोस्टोन आणि ग्रँड टीटन, तिथून दक्षिणेला उतरून ब्राइस, झायन आणि ग्रँड कॅन्यन, आणि येताना न्यू मेक्सिकोमार्गे परत, असा ढोबळ मार्ग आहे.

घरात एकाच मुद्द्यावर अडले आहे. नवऱ्याचे म्हणणे असे, की रोज संध्याकाळी अमुक ठिकाणी पोहोचलेच पाहिजे असे बंधन घालून घ्यायचे असेल, तर आरव्ही घेण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा हॉटेले बुक करून मोटारीने गेलेले बरे. मला मात्र वयस्क माणसे आणि मुले बरोबर असताना अंधार पडल्यावर जागा शोधत फिरण्याची धास्ती वाटते. आता जानेवारी चालू आहे. सगळे मुक्काम आत्ताच ठरवून टाकावेत, काही ठरवावेत की काहीच ठरवू नये? ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कारणांसह लिहिले, तर आम्हा दोघांनाही उपयोग होईल.

उनाडवारा

तुम्ही दोघेही बरोबर आहात, मात्र प्रवासाच्या वेगवेगळ्या टप्प्यांपुरते. सगळ्या प्रवासाला एकच नियम लावला, की एक तर पायात बेडी पडते किंवा ऐन वेळी धावपळ होते. मी प्रत्येक मुक्कामाबाबत एकच प्रश्न विचारतो: इथे जागा मिळाली नाही, तर पुढची जागा किती अंतरावर आहे, आणि तिथे राहिल्याने दुसऱ्या दिवसाचे काय होईल? ठिकाण किती प्रसिद्ध आहे, यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे असते.

यलोस्टोनचे उदाहरण घ्या. उद्यानातला ग्रँड लूप रस्ता १४२ मैलांचा आहे, वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल आहे, आणि बायसनचा कळप रस्त्यावर आला की गाड्या बराच वेळ जागच्या हलत नाहीत. आत जागा मिळाली नाही म्हणून वेस्ट यलोस्टोन गावात राहिलात, तर ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचे कारंजे तिथून सुमारे ३० मैल आहे आणि लमार खोरे तर पार दुसऱ्या टोकाला. मोटारीने हे अंतर फारसे वाटत नाही. पण आरव्हीत रोज सकाळी वीज-पाण्याच्या जोडण्या सोडायच्या, स्लाइड (मुक्कामी बाहेर सरकवलेला गाडीचा भाग) आत घ्यायची, कपाटांच्या कड्या लावायच्या, ओट्यावरचे डबे उचलून ठेवायचे आणि अख्खे घर घेऊन निघायचे, असे करावे लागते. चार दिवस हे केले की माणसे उद्यानाला नव्हे, आवराआवरीला कंटाळतात. म्हणून तिथे आतली जागा आधी मिळवावी, आणि तीही लवकर.

याउलट बॅडलँड्स. वॉल गावाच्या दक्षिणेला उद्यानाच्या हद्दीला लागूनच बफेलो गॅप राष्ट्रीय गवताळ प्रदेश आहे, आणि तिथे मोकळ्या माळावर, कड्याच्या काठाशी, विनामूल्य मुक्काम करता येतो. वीज नाही, पाणी नाही, पण जागा ऐसपैस आहे. शिवाय महामार्गालगत खासगी कॅम्पग्राउंड, म्हणजे मुक्कामाचे तळही आहेत. तिथे काहीच ठरवले नसले, तरी रात्र वाया जात नाही.

आता आरक्षण केव्हा उघडते, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते सगळीकडे सारखे नसते. रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावरची बरीचशी कॅम्पग्राउंड सहा महिने आधी खुली होतात आणि रोज एकेक दिवस पुढे सरकतात. योसेमिटीचे वेगळे आहे: तिथे दर महिन्याच्या १५ तारखेला, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता, पाच महिन्यांनंतरच्या पूर्ण महिन्याच्या जागा एकदम खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या जागा मिनिटांत संपतात. यलोस्टोनमधली मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही पाच कॅम्पग्राउंड झँटेरा ही कंपनी चालवते, त्यांचे आरक्षण वेगळ्या संकेतस्थळावर आणि सुमारे वर्षभर आधी सुरू होते. बाकीची रिक्रिएशन डॉट गव्हवर आहेत. म्हणजे एकाच उद्यानासाठी दोन दारे ठोठवावी लागतात. ही माहिती नसल्यामुळे अनेक जण एका ठिकाणी ‘जागा नाही’ असे पाहून आशा सोडतात.

एक सूचना जुन्या लेखांबाबत. ग्रँड टीटनमध्ये सकाळी लवकर पोहोचले की जागा मिळते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळेल. ते पूर्वी खरे होते. २०२१ पासून तिथली सर्व कॅम्पग्राउंड आरक्षणानेच मिळतात. प्रवासवर्णन वाचताना त्याचे साल अवश्य पाहावे.

कातळ

उनाडवारा यांचा मुद्दा मान्य आहे, पण त्यांच्या मांडणीत वेळापत्रकाची किंमत कमी धरली गेली आहे, असे मला वाटते. मी आणि माझी पत्नी क्लास-बी व्हॅनमध्ये, म्हणजे लहान आरव्हीत, फिरतो आणि शक्यतो काहीही ठरवत नाही. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएमच्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांच्या कालावधीत १४ दिवसांपर्यंत एका जागी विनामूल्य राहता येते, आणि राष्ट्रीय वनांतही बहुतेक ठिकाणी असाच नियम आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत अशी जमीन अफाट आहे.

आरक्षणाशिवाय मिळणाऱ्या कॅम्पग्राउंडची एक पद्धत असते आणि ती समजली की भीती उरत नाही. प्रत्येक साइटसमोर, म्हणजे एका गाडीच्या जागेसमोर, एक खांब असतो, त्यावर चिमट्याने एक कागदी पट्टी लावलेली असते आणि त्या पट्टीवर राहणाऱ्याने आपली निघण्याची तारीख लिहिलेली असते. सकाळी नऊच्या सुमारास कॅम्पग्राउंडमधून चालत एक फेरी मारावी आणि पट्ट्या वाचाव्यात. ज्याची तारीख आजची आहे, तो माणूस चहाची भांडी आवरत असतो. त्याला नम्रपणे विचारले, तर तो किती वाजता निघणार ते सांगतो. मग प्रवेशद्वारापाशी ठेवलेले पाकीट घ्यायचे, त्यावर साइटचा क्रमांक आणि गाडीचा नंबर लिहायचा, पैसे आत घालून ते लोखंडी पेटीत टाकायचे आणि पाकिटाची फाडलेली पट्टी खांबाला लावायची. संध्याकाळी सहाला जाऊन हे जमत नाही. सकाळी जमते, आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत हमखास जमते. डेव्हिल्स टॉवरच्या पायथ्याचे बेल फूश कॅम्पग्राउंड याच पद्धतीचे आहे आणि ते तुमच्या वाटेवर आहे.

दुसरे असे, की पश्चिमेकडे निसर्ग वेळापत्रक पाळत नाही. १३ जून २०२२ रोजी यलोस्टोनला पूर आला, रस्ते वाहून गेले आणि पाचही प्रवेशद्वारे बंद करावी लागली. दक्षिणेकडचा भाग २२ जूनला पुन्हा उघडला. ज्यांनी पुढचे सगळे मुक्काम तारीखवार बांधून ठेवले होते, त्यांची साखळीच्या साखळी विसकटली, कारण एक कडी निखळली की पुढची प्रत्येक तारीख चुकते. जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुराचेही तसेच आहे. मोकळ्या माणसाला अशा वेळी गाडी दुसऱ्या दिशेला वळवता येते.

चाफा

कातळदादांचे अनुभव वाचायला छान वाटले, पण दोन माणसांची व्हॅन आणि सहा माणसांची ३० फुटी गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हा फरक जागेचा नसून टाक्यांचा आहे. माझे आई-वडील मिनेसोटात आमच्याकडे आले असताना आम्ही त्यांना आणि मुलींना घेऊन असाच लांबचा प्रवास केला, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

आरव्हीत तीन टाक्या असतात: चांगल्या पाण्याची, धुण्या-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि संडासाची. दाराजवळच्या पॅनेलवर बटण दाबले की प्रत्येक टाकी एक तृतीयांश, दोन तृतीयांश की पूर्ण भरली आहे, ते छोटे दिवे दाखवतात. सहा माणसे असली की सर्वांत आधी सांडपाण्याची टाकी भरते. आपल्याकडचा स्वयंपाक रोजचा असतो. डाळ-भाताचा कुकर, फोडणीची कढई, कणकेची परात असे सगळे घासायचे असते. वडीलधाऱ्यांना रोज आंघोळ केल्याशिवाय बरे वाटत नाही आणि ती अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. आम्ही कढई आधी कागदाने पुसून घ्यायचो, मग तांब्याभर पाण्यात विसळायचो, तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डंप स्टेशन (टाक्या रिकाम्या करण्याची जागा) गाठावे लागायचे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की तुमच्यासारख्या कुटुंबाने दर दोन रात्रींनंतरची एक रात्र पूर्ण हूकअप असलेल्या जागी, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागी, आधी ठरवून ठेवावी. त्या रात्री सगळ्यांच्या निवांत आंघोळी होतात, कपडे धुऊन होतात, टाक्या रिकाम्या होतात आणि पुढचे दोन दिवस माळावर राहायला गाडी तयार होते.

हूकअप कुठे असतो आणि कुठे नसतो, हे पाहून घ्या, कारण राष्ट्रीय उद्यानांत तो अपवादानेच असतो. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिज या एकाच ठिकाणी पूर्ण हूकअप आहे. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे तंबूला किंवा कापडी भिंतींच्या गाडीला परवानगी नाही. तुमच्या गाडीला काही अडचण नाही. ग्रँड टीटनमध्ये कोल्टर बे आरव्ही पार्कमध्ये पूर्ण हूकअप आहे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये हूकअप नाही, शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. झायनमध्ये वॉचमन कॅम्पग्राउंडच्या काही साइट्सना फक्त वीज आहे, आणि जुलैत तीच हवी. तिथे दुपारी तापमान १०० अंश फॅरेनहाइटच्या वर जाते, जनरेटर चालवायला परवानगी नाही, आणि एसी नसेल तर पत्र्याच्या गाडीत दुपारी कोणीही बसू शकत नाही, मग सासरे तर सोडाच. तुमच्या पूर्ण मार्गात एकच जागा आधी मिळवायची झाली, तर मी यलोस्टोनच्याही आधी झायनची वीज असलेली जागा मिळवेन.

प्रवासाचा वेगही आरक्षणाइतकाच महत्त्वाचा आहे. आरव्हीवाल्यांमध्ये ३-३-३ असा एक संकेत आहे: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त जाऊ नये, दुपारी ३ पर्यंत मुक्कामी पोहोचावे आणि एका जागी तीन दिवस राहावे. शिकागो ते वॉल हे अंतर सुमारे ९०० मैल आहे, म्हणजे या हिशेबाने तीन दिवस. गूगलचा नकाशा मोटारीचा वेळ दाखवतो. त्यावर विसंबून रोजची आरक्षणे केली, तर रोज रात्री उशिरा पोहोचाल.

दख्खनी

एक छोटा पण महत्त्वाचा मुद्दा. आरक्षण करताना गाडीची लांबी विचारतात, ती खरी लिहा. भाड्याची ‘३० फुटी’ गाडी मागच्या बंपरसकट आणि सायकलींचा रॅक लावल्यास ३० फुटांपेक्षा जास्त भरू शकते. मॅथर कॅम्पग्राउंडची मर्यादा बरोबर ३० फूट आहे. कंपनीकडून नेमकी लांबी, रुंदी आणि उंची लेखी मागवून घ्या आणि मगच साइट निवडा. बॅडलँड्समधले सेज क्रीक कॅम्पग्राउंड विनामूल्य आहे, पण तिथे १८ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. हे न वाचता मोठ्या गाड्या घेऊन येणारे लोक मी तिथे मागे फिरताना पाहिले आहेत.

सांजवेळ

आम्ही ओहायोत राहतो, निवृत्त झालो आहोत आणि हिवाळा दक्षिणेत काढतो. धाग्याचा विषय उन्हाळी प्रवासाचा आहे, तरी ‘आधी ठरवावे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर ठिकाणावर किती अवलंबून असते, हे आमच्या हिवाळ्यावरून कळेल.

फ्लोरिडातल्या राज्य उद्यानांचे आरक्षण तिथल्या रहिवाशांना ११ महिने आधी आणि बाहेरच्यांना १० महिने आधी करता येते. जानेवारी ते मार्च या काळात कीज बेटांवरच्या बहिया होंडासारख्या ठिकाणी जागा हवी असेल, तर आदल्या वसंतातच संगणकासमोर बसावे लागते. समुद्रकिनारा मर्यादित आहे आणि उत्तरेकडून येणारी माणसे पुष्कळ आहेत, त्यामुळे याला इलाज नाही.

त्याच हिवाळ्यात ॲरिझोनात क्वार्ट्‌झसाइटजवळ ला पोसा नावाच्या बीएलएमच्या विस्तीर्ण वाळवंटी पट्ट्यात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी मुक्कामाचा परवाना मिळतो. आम्ही गेलो तेव्हा पूर्ण हंगामाचे १८० डॉलर आणि १४ दिवसांचे ४० डॉलर असा दर होता. साइट क्रमांक नाही, आरक्षण नाही; मोकळी जागा पाहून गाडी लावायची. पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला सोय आहे. तिथे कोणी आधी काही ठरवत नाही आणि जागा नाही म्हणून कोणी परतही जात नाही.

आम्हाला फ्लोरिडा आवडते, म्हणून आम्ही १० महिने आधी ठरवतो आणि त्याबद्दल तक्रार करत नाही. तुमच्या यजमानांना सांगा, की आरक्षणाने स्वातंत्र्य जाते असे नाही. एखाद्या ठिकाणी पहाटे उठून दाराबाहेर पाऊल टाकताच समुद्र समोर असावा, असे वाटत असेल, तर त्याची किंमत आधी ठरवण्याच्या रूपात द्यावी लागते.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. चाफाताई, टाक्यांचा विचार आम्ही दोघांपैकी कोणीही केला नव्हता आणि सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर त्यांनी लगेच पराती कमी नेऊ असे सांगितले.

एक शंका आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवले, की यलोस्टोनसाठी पुढे-मागे दोन आठवड्यांच्या तारखा आणि दोन-तीन कॅम्पग्राउंड असे सगळेच बुक करून ठेवावे आणि तारीख जवळ आली की नको ते रद्द करावे. रद्द करण्याचा खर्च किरकोळ असतो. असे करणे योग्य आहे का?

रानजाई

कृपया असे करू नका. मला या विषयाबद्दल फार वाटते, म्हणून थोडे कळकळीने लिहिते.

हिशेबाने पाहिले तर तुमच्या परिचितांचे म्हणणे चूक नाही. रिक्रिएशन डॉट गव्हवर साइट रद्द केली किंवा तारीख बदलली तर १० डॉलर लागतात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केली, तर त्याशिवाय पहिल्या रात्रीचे पैसे जातात, आणि न कळवता गैरहजर राहिले तर २० डॉलर आणि पहिल्या रात्रीचे पैसे जातात. कुटुंबाच्या एकूण खर्चात ही रक्कम जाणवतही नाही, आणि म्हणूनच हजारो लोक तसे करतात. त्याचा परिणाम मी उन्हाळ्यात स्वयंसेवक म्हणून काम करताना डोळ्यांनी पाहिला आहे. प्रवेशद्वारावर ‘जागा नाही’ अशी पाटी लागलेली, एक वयस्क जोडपे माघारी वळत आहे, आणि आत मात्र एकेका वळणावर साइट्स रिकाम्या. खांबावर कोणाचे तरी नाव आणि टेबलावर फक्त पाइनच्या सुया. गैरहजर माणसाची साइट दुसऱ्या दिवशी साइट सोडण्याच्या वेळेपर्यंत राखून ठेवावी लागते, त्यामुळे ती रात्र कोणालाच मिळत नाही. ही सार्वजनिक जमीन आहे. ज्याला सहा महिने आधी सुट्टी ठरवता येत नाही, अशा पाळीने काम करणाऱ्या माणसालाही तिच्यावर तेवढाच हक्क आहे.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. लोक रद्द करतात म्हणजे जागा पुन्हा खुल्या होतात, आणि त्या प्रामुख्याने तारखेच्या आधीच्या दोन आठवड्यांत आणि विशेषतः शेवटच्या तीन-चार दिवसांत होतात, कारण पहिल्या रात्रीचे पैसे वाचवायचे असतात. रिक्रिएशन डॉट गव्हवर हव्या त्या कॅम्पग्राउंडसाठी जागा मोकळी झाल्याची सूचना लावता येते, आणि कॅम्पनॅब, कॅम्पफ्लेअर यांसारख्या सेवाही तेच काम करतात. यलोस्टोनच्या पाच मोठ्या कॅम्पग्राउंडची आरक्षणे वर्षभर आधीच झाली असतील, तरी रद्द झालेल्या जागा त्यांच्या संकेतस्थळावर दिसत राहतात. रोज सकाळी एकदा पाहण्याची सवय लावा. सलग चार रात्री एका साइटवर मिळतील असे मानू नका. दोन रात्री मॅडिसनला आणि दोन फिशिंग ब्रिजला मिळाल्या, तर उलट चांगलेच आहे, कारण दोन्ही बाजू जवळून पाहता येतात.

आपल्या हाती असलेली जागा नको झाली, तर ती कळताक्षणी सोडा. तुमच्या सोडण्यामुळे कोणाला तरी ती मिळते.

कातळ

रानजाईताईंशी शंभर टक्के सहमत. खासगी कॅम्पग्राउंडबाबत एवढेच सांगतो, की रद्द करण्याचे नियम प्रत्येकाचे स्वतःचे असतात आणि ते पैसे भरण्याआधी वाचावेत. सुट्टीच्या आठवड्यात काही ठिकाणी किमान तीन रात्रींची अट असते आणि आगाऊ रक्कम परत मिळत नाही. वाटेत गाडी नादुरुस्त झाल्यामुळे आमची अशी एक रक्कम बुडाली. फोन करून परिस्थिती सांगितली, तरी त्यांनी नियमावर बोट ठेवले. ज्या टप्प्यावर आधी काही अनिश्चित आहे, त्याच्या लगेच पुढच्या रात्रीसाठी परत न मिळणारे पैसे भरू नयेत.

घाटमाथा

काल रात्री आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो आणि धाग्यातल्या मुद्द्यांवरून एक आराखडा केला. यलोस्टोनच्या चार रात्री, ग्रँड टीटनच्या दोन, झायनच्या दोन आणि ग्रँड कॅन्यनच्या दोन एवढ्याच आधी ठरवायच्या, आणि त्यांच्यामधले दिवस मोकळे ठेवायचे. नवऱ्याला हे मान्य आहे. आता दोन गोष्टी अडल्या आहेत. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, सुट्टीचा आठवडा नेमका यलोस्टोन आणि टीटनच्या दरम्यान येतो आहे, आणि ब्लॅक हिल्समध्ये आधी ठरवावे की नाही यावर एकमत नाही.

उनाडवारा

आराखडा उत्तम आहे. मोकळ्या दिवसांपैकी किमान एक पूर्ण दिवस प्रत्येक ठरलेल्या मुक्कामाच्या आधी येईल, असे पाहा. वादळ, पंक्चर किंवा एखाद्याचे दुखणे आले, तर तो दिवस ते शोषून घेतो आणि आरक्षणाची तारीख चुकत नाही.

ब्लॅक हिल्सबद्दल: कस्टर स्टेट पार्कच्या आतल्या साइट्सचे आरक्षण वर्षभर आधी सुरू होते, त्यामुळे त्या आता मिळणे कठीण आहे, पण रॅपिड सिटी, कस्टर आणि हिल सिटी या गावांभोवती खासगी कॅम्पग्राउंड इतकी आहेत, की जूनमध्ये तीन-चार दिवस आधी फोन केला तरी पुरते. ऑगस्टच्या सुरुवातीला गोष्ट वेगळी असते. स्टर्जिसच्या मोटारसायकल मेळाव्याच्या दिवसांत त्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या तारखा त्याच्या खूप आधीच्या आहेत. नीडल्स हायवेवरचे बोगदे तुमच्या गाडीला अरुंद पडतील. तो रस्ता पाहायचाच असेल, तर आरव्ही मुक्कामी ठेवून एका दिवसासाठी मोटार भाड्याने घ्या.

त्यानंतर बिगहॉर्न पर्वत ओलांडून कोडीला उतराल. कोडीपासून यलोस्टोनचे पूर्वेचे प्रवेशद्वार ५० मैलांच्या थोडे पुढे आहे आणि तिथून फिशिंग ब्रिज आणखी २७ मैल. मधल्या जलाशयाकाठी बफेलो बिल स्टेट पार्कचे कॅम्पग्राउंड आहे. मोकळा दिवस तिथे काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आत जा. आत जागा कमी रात्रींची मिळाली, तरी उरलेली रात्र काढायला ही चांगली जागा आहे.

४ जुलैच्या आठवड्यासाठी मात्र मी कोणताही धोका पत्करणार नाही. मेमोरियल डे, ४ जुलै आणि लेबर डे या तीन सुट्ट्यांच्या आसपासच्या रात्री ठिकाण कोणतेही असो, आधी ठरवाव्यात. टीटनमध्ये नाही मिळाले, तर दोन उद्यानांच्या मधोमध फ्लॅग रँचला हेडवॉटर्स कॅम्पग्राउंड आहे, तिथे पाहा. हूकअपच्या साइट्सही आहेत.

ब्राइसहून झायनला जाताना काळजी घ्या. सरळ रस्ता १९३० साली बांधलेल्या झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून जातो आणि ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्या तिथे मोठ्या गाड्यांत मोडतात. क्लास-सी आरव्ही उंचीतही बसत नाही आणि रुंदीतही. मोठ्या गाड्यांवरचे निर्बंध कडक होत आहेत, म्हणून तुम्ही त्या रस्त्याचा विचारच करू नका. राज्य मार्ग २० ने आय-१५ वर जा आणि पश्चिमेकडून स्प्रिंगडेलमार्गे आत शिरा. अंतर वाढते, पण वॉचमनला सरळ पोहोचाल. ब्राइसला समुद्रसपाटीपासून जवळजवळ ८,००० फूट उंचीवर थंड हवा असते, त्यामुळे तिथे वीज नसलेली साइटही चालेल, आणि उद्यानाबाहेर रूबीज इनचे कॅम्पग्राउंड मोठे आहे.

चाफा

परतीच्या वाटेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहिते. ग्रँड कॅन्यनला ट्रेलर व्हिलेजमध्ये जागा नाही मिळाली, तर टुसायान गावाजवळ कैबाब राष्ट्रीय वनात विनामूल्य राहता येते, आणि जवळजवळ ७,००० फुटांवर असल्यामुळे जुलैतही रात्री एसीची गरज पडत नाही. त्याआधी पाण्याची टाकी भरून घ्या. तिथून आय-४० लागला, की फ्लॅगस्टाफपासून अल्बुकर्क आणि पुढे ओक्लाहोमापर्यंत दर थोड्या अंतरावर कॅम्पग्राउंड आहेत. ऑक्टोबरात अल्बुकर्कला बलून फिएस्टाची गर्दी असते. जुलैत तसे काही नाही. या पट्ट्यात आम्ही दुपारी जेवायला थांबलो, की पुढच्या दोन-तीन तासांत जिथे पोहोचू शकू, अशा ठिकाणी फोन करायचो.

फोनवर चार गोष्टी विचारा: एसी चालवायला ३० अँपिअरचा हूकअप आहे का, गाडी मागे न घेता सरळ आत-बाहेर नेता येईल अशी साइट आहे का, कार्यालय किती वाजता बंद होते, आणि उशीर झाला तर नाव लिहिलेले पाकीट दाराशी लावून ठेवतील का. शनिवारी हा फोन सकाळीच करा. सासूबाईंना एवढेच सांगा, की कुकर नऊच्या आत लावायचा. बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते आणि शिट्टीचा आवाज शेजारच्या गाडीपर्यंत स्पष्ट ऐकू जातो.